आइसलँडचा पंप आणि आपला कातळ

उन्हाळा लागला की माझ्या दुकानात सबमर्सिबल पंपांची रांग लागते. सिन्नर तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांमधून येणारे पंप मी लांबूनही ओळखतो. उघडला की इंपेलरच्या पाकळ्यांत पांढरा, दगडासारखा टणक थर बसलेला असतो. लोक म्हणतात, ‘क्षार चढलाय.’ मी छिन्नीने तो खरवडतो, उरलेला आम्लाने धुतो. आम्ल टाकले की थर फसफसतो आणि विरघळतो. तीस वर्षे हे काम करतो आहे. हा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खनिजाच्या भाषेत कॅल्साइट, हे मात्र मला धंद्यात पडल्यावर बऱ्याच वर्षांनी एका जुन्या पाठ्यपुस्तकात कळले. माझे शिक्षण दहावी आणि आयटीआय. पुढचे जे काही आहे ते रद्दीतली पुस्तके, एका मित्राच्या कृपेने मिळालेले शोधनिबंध आणि शब्दकोश यांच्या बळावर.

अशाच एका शोधनिबंधात मला आणखी एक क्षार चढलेला पंप भेटला. तो आइसलँडमध्ये होता. तिथल्या एका निरीक्षण विहिरीतला सबमर्सिबल पंप बंद पडला म्हणून वर काढला, तर त्याच्या अंगावर कॅल्साइटचा थर चढलेला. माझ्या दुकानात अशा पंपाला गिऱ्हाईक शिव्या देतो. तिथे मात्र शास्त्रज्ञांना आनंद झाला असणार, कारण तो थर त्यांच्या प्रयोगाचा पुरावा ठरला. त्या प्रयोगाची हकीकत, आणि ती सांगताना मी स्वतः केलेली चूक, या दोन्ही गोष्टी या लेखात मांडायच्या आहेत.

आगीवर बसलेला देश

आइसलँड हा उत्तर अटलांटिक महासागरातला देश. क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक-तृतीयांश. लोकसंख्या चार लाखांच्या आत. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. हा देश जवळजवळ पूर्ण बेसाल्टचा, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेल्या काळ्या खडकाचा आहे. युरोप आणि उत्तर अमेरिका ज्या भूपट्टांवर बसले आहेत, ते दोन पट्ट इथे वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर या गतीने एकमेकांपासून दूर जातात आणि मधल्या भेगेतून नवा खडक वर येतो.

जमिनीखालच्या या उष्णतेवर ते वीज तयार करतात. राजधानी रेक्याविकपासून साधारण तीस किलोमीटरवर हेलिशेइदी नावाचे भूऔष्णिक केंद्र आहे. ते २००६ साली सुरू झाले. त्याची वीजक्षमता सुमारे ३०० मेगावॅट. खोल विहिरींतून वाफ येते, तिच्यावर टर्बाइन फिरते. कोळसा नाही, राख नाही. पण त्या वाफेबरोबर थोडे वायूही येतात. एक कार्बन डायऑक्साइड आणि दुसरा सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. कोळशाच्या केंद्राच्या मानाने हे प्रमाण फार कमी. तरीही ते शून्यावर कसे आणायचे, हा प्रश्न तिथल्या लोकांनी घेतला.

आइसलँड विद्यापीठ, रेक्याविकची ऊर्जा कंपनी, अमेरिकेतले कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्समधली तुलूझची संशोधन संस्था यांनी मिळून ‘कार्बफिक्स’ हा प्रकल्प उभा केला. आइसलँडचे भूरसायनशास्त्रज्ञ सिगुर्दुर गिस्लासन आणि कोलंबियाचे वॉलेस ब्रोकर ही त्यातली ठळक नावे. हे तेच ब्रोकर, ज्यांच्या १९७५ सालच्या एका निबंधामुळे ‘जागतिक तापमानवाढ’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. पुढे एद्दा सिफ पिंद अरादोत्तिर या अभियंत्या महिलेने प्रकल्पाची धुरा सांभाळली.

गोटी सोडा आणि चुन्याची निवळी

कार्बन डायऑक्साइड जमिनीत पुरण्याची कल्पना जुनी आहे. नॉर्वेने १९९६ पासून समुद्रतळाखालच्या वाळूच्या खडकात तो साठवायला सुरुवात केली. पण तिथे तो वायूच्या, किंवा दाबाने दाट झालेल्या द्रवासारख्या रूपात राहतो. तो भोवतालच्या पाण्यापेक्षा हलका असतो, त्यामुळे त्याची ओढ सदैव वर. डोक्यावर अभेद्य खडकाचे झाकण हवे आणि त्या झाकणावर वर्षानुवर्षे पहारा हवा.

आइसलँडच्या लोकांनी वेगळा विचार केला. वायू वायूच का ठेवायचा? त्याचा दगड करता येईल का?

आपण लहानपणी गोटी सोडा प्यायलो आहोत. बाटलीत दाबाखाली कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवलेला असतो. गोटी दाबली की दाब कमी होतो आणि वायू फसफसत बाहेर येतो. दाब टिकवला, तर वायू पाण्यातच राहतो. जमिनीखाली तीनशे-चारशे मीटर खोलीवर पाण्याच्या स्वतःच्या वजनाने दाब आपोआप मिळतो. हेलिशेइदीला विहिरीत वरून पाणी सोडले, आतल्या नळीतून त्याच्यात वायूचे बारीक बुडबुडे सोडले, आणि खाली जाता जाता ते विरघळून गेले. असे सोड्याचे पाणी साध्या पाण्यापेक्षा किंचित जड असते. त्यामुळे ते वर येऊ पाहत नाही, खाली बसते. झाकणाची चिंता पहिल्याच पायरीवर बरीचशी मिटली.

दुसरी पायरी खडकाची. सोड्याचे पाणी आंबट, म्हणजे आम्लधर्मी असते. बेसाल्टमध्ये वजनाने साधारण चौथा हिस्सा कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह यांच्या ऑक्साइडांचा असतो. आंबट पाणी खडकाला खाते, हे धातू पाण्यात उतरतात आणि त्या झटापटीत पाण्याचा आंबटपणा मरतो. आंबटपणा मेला, की विरघळलेला कार्बन आणि सुटा झालेला कॅल्शियम एकमेकांना धरतात. त्याचा होतो कॅल्साइट.

शाळेत आपण चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालायचो आणि निवळी दुधाळ व्हायची. तिथे घडते तेच, मोठ्या प्रमाणावर आणि सावकाश. फरक एवढाच की निवळीत चुना आपण घातलेला असतो. बेसाल्टच्या पोटात तो पाणी स्वतः खणून काढते.

वायूचा दगड झाला हे कळले कसे?

मला या संशोधनातला सर्वांत मोलाचा भाग हा वाटतो. जमिनीत काहीतरी सोडणे सोपे असते. खाली त्याचे काय झाले, हे सिद्ध करणे अवघड.

२०१२ साली जानेवारी ते मार्च या काळात १७५ टन शुद्ध कार्बन डायऑक्साइड चारशे ते आठशे मीटर खोलीच्या बेसाल्टमध्ये सोडला. उन्हाळ्यात हायड्रोजन सल्फाइड मिसळलेला आणखी ७३ टन वायू सोडला. भूजल ज्या दिशेने वाहते त्या दिशेला आधीपासून निरीक्षण विहिरी होत्या. पण विहिरीतल्या पाण्यात सापडलेला कार्बन आपण सोडलेलाच, हे कशावरून? कार्बन तर सगळ्याच पाण्यात थोडाफार असतो.

म्हणून त्यांनी वायूबरोबर दोन खुणा पाठवल्या. पहिली खूण कार्बन-१४ ची. हा कार्बनचा किरणोत्सारी भाऊबंद. दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो, त्यामुळे पृथ्वीच्या पोटातून येणाऱ्या वायूत तो नसतोच. त्यांनी तो अल्प प्रमाणात मुद्दाम मिसळला. म्हणजे आपल्या गुरांच्या कानात बिल्ला अडकवावा तसे. दुसरी खूण सल्फर हेक्साफ्लोराइड या वायूची. हा कशाशीच संयोग पावत नाही. पाणी जिथे जाईल तिथे जातो.

आता समजा, पाटाच्या पाण्यात आपण दोनशे संत्री आणि दोनशे रबरी चेंडू सोडले. पाट फुटतो, फाटे निघतात, त्यामुळे पुढच्या गावात सगळे पोहोचणार नाहीत. पुढच्या गावात वीस चेंडू मोजले, तर वीसच्या आसपास संत्रीही यायला हवीत. प्रत्यक्षात एकच संत्रे आले. मग उरलेली एकोणीस वाटेत कोणीतरी काढून घेतली, असे म्हणावे लागेल. म्हणजे ९५ टक्के. हेलिशेइदीच्या निरीक्षण विहिरीत नेमके असेच घडले. खुणेचा वायू आला, कार्बन मात्र त्या प्रमाणात आला नाही. २०१६ च्या जूनमध्ये युर्ग मॅटर आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष जाहीर केला. सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ९५ टक्क्यांहून अधिक वायूचे दोन वर्षांच्या आत खनिज झाले होते. याला शेकडो वर्षे लागतील, असे तोवर मानले जात होते.

आणि तो पंप? क्षार कुठल्याही पंपावर चढतो, हे मी रोज पाहतो. नुसता थर म्हणजे पुरावा नव्हे. पण त्या थराची तपासणी केली तेव्हा त्यात कार्बन-१४ सापडला. बिल्ला कानात होता. हा कॅल्साइट सोडलेल्या वायूचाच होता.

२०१४ पासून केंद्रातल्या वायूवर हीच प्रक्रिया नियमितपणे होऊ लागली. पुढे क्षमता वाढवून वर्षाला सुमारे १२,००० टन कार्बन डायऑक्साइड आणि ६,००० टन हायड्रोजन सल्फाइड एवढी केली. त्या जागी खडक अधिक खोल आणि तापलेला आहे. तिथल्या मोजणीत काही महिन्यांत सुमारे ६० टक्के कार्बन खडकात बसल्याचे दिसले. हायड्रोजन सल्फाइडचे पायराइट होते, ज्याच्या सोनेरी झळाळीला लोक फसत आले आहेत.

कात्रण

हे वाचले तेव्हा माझी झोप उडाली. कारण आपल्या पायाखाली काय आहे? बेसाल्टच. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. आजही तो साधारण पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग त्याने व्यापला आहे. आइसलँडच्या पाचपट खडक आपल्याकडे पडून!

मी एका स्थानिक पुरवणीत लेख लिहिला. ‘आपला कातळ जगाचा धूर गिळेल’, असा त्याचा सूर होता. आइसलँडचा प्रयोग त्यात बरोबर मांडला होता. आकडे बरोबर होते. शेवटचे दोन परिच्छेद मात्र मी उत्साहाच्या भरात लिहिले होते. ‘उद्या आपल्या माळरानांना सोन्याचा भाव येईल’, असे एक वाक्य त्यात होते. पुष्कळ फोन आले. शाबासकी मिळाली.

पुढच्या वर्षी एका गावात माझे व्याख्यान ठेवले होते. व्याख्यान संपल्यावर एक तात्या उठले. सत्तरीच्या पुढचे, त्यांचा पंप मी दोनदा भरून दिला होता. ते म्हणाले, “मास्तर, एक इचारू का? आमच्या बोअरला मार्चनंतर प्यायला पाणी नाही. तुमचा ह्यो सोडा भरायला पाणी कुठून आणायचं?”

मी म्हणालो, “तात्या, ते तंत्रज्ञ बघतील.”

ते खाली बसले. मग एका तरुणाने खिशातून कागद काढला. माझ्याच लेखाचे कात्रण होते, प्लास्टिकमध्ये घालून जपलेले. त्याने सांगितले, की एक गृहस्थ गावात येऊन गेले. कार्बनचे पैसे मिळणार, माळरानाची नोंदणी करा, म्हणाले. नोंदणी पाचशे रुपये. पुरावा म्हणून त्यांनी हे कात्रण दाखवले. अकरा जणांनी पैसे दिले होते. पावतीवर ना पत्ता, ना शिक्का. तो मला विचारत होता, “सर, पैसे कधीपासून चालू होतील?”

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जो हिशेब लेख लिहिण्याआधी करायला हवा होता, तो तेव्हा केला.

पाण्याचा हिशेब

आइसलँडच्या पद्धतीत एक टन कार्बन डायऑक्साइड विरघळवायला सुमारे २५ टन पाणी लागते. हा आकडा मूळ संशोधकांनीच ठळकपणे दिलेला आहे. मी तो वाचला होता, लेखात मात्र घेतला नव्हता.

घरातला हिशेब असा. एक लिटर डिझेल जाळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो पुरायला ६७ लिटर पाणी, म्हणजे चार-पाच हंडे. एका लिटरला.

आता आमच्या शेजारचे एकलहऱ्याचे औष्णिक केंद्र घेऊ. २१० मेगावॅटचे तीन संच, एकूण ६३० मेगावॅट. ते वर्षभर ७० टक्के क्षमतेने चालले असे धरले, तर सुमारे ३८६ कोटी युनिट वीज होईल. कोळशाच्या एका युनिटमागे ढोबळमानाने एक किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर ३८ लाख टनांहून अधिक झाला. त्याला २५ ने गुणा. साडेनऊ कोटी टनांवर पाणी. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. भागाकार केला की ३.४ टीएमसी येते. भंडारदरा धरण पूर्ण भरले तर ११ टीएमसीचे. म्हणजे एका मध्यम केंद्राचा धूर पुरायला भंडारदऱ्याचे तीस टक्के पाणी, तेही दरवर्षी.

हे पाणी सगळे कायमचे नाहीसे होते असे नाही, हेही सांगायला हवे. तत्त्वतः तेच भूजल उपसून, त्यात वायू विरघळवून पुन्हा खोल सोडता येते. समुद्राचे पाणी वापरता येईल का, याचे प्रयोग आइसलँडमध्येच चालू झाले आहेत. आपल्या कोकणकिनाऱ्याला बेसाल्टही आहे आणि समुद्रही, त्यामुळे तिकडचा विचार वेगळा करावा लागेल. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वालुला इथे २०१३ साली पाण्याशिवाय, दाबाखालचा दाट कार्बन डायऑक्साइड सुमारे हजार टन बेसाल्टमध्ये सोडला होता. दोन वर्षांनी काढलेल्या खडकाच्या नमुन्यांत कार्बोनेटच्या गाठी मिळाल्या. पण तिथे पुन्हा झाकणाच्या खडकाचा प्रश्न येतो. प्रत्येक वाटेला तिचा तिचा खर्च आहे.

सिन्नरच्या माळावर मात्र तात्यांचा प्रश्न तसाच उभा राहतो.

तरुण खडक, म्हातारा खडक

दुसरी गोष्ट मला माझ्याच कपाटाने शिकवली. त्यात मी विहिरींच्या मलब्यातून वेचलेल्या गारगोट्या ठेवल्या आहेत. सिन्नरला तर खनिजांचे ‘गारगोटी’ नावाचे संग्रहालयच आहे. तिथे स्टिल्बाइट, हॉयलँडाइट, कॅल्साइट यांचे हातभर लांबीचे स्फटिकगुच्छ पाहायला मिळतात. ही खनिजे कुठे वाढली? लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे लाखो वर्षे पाणी झिरपत राहिले आणि त्या पोकळ्यांत ही खनिजे भरली. विहीर खणणारे अशा खडकाला मांजऱ्या म्हणतात.

म्हणजे आइसलँडमध्ये आज माणूस जे करतो आहे, तसले काम निसर्गाने दख्खनमध्ये कधीच करून ठेवले आहे. आपल्या गारगोट्यांतला कॅल्साइट हा खडकात जिरलेला कार्बनच आहे. पण याची दुसरी बाजूही आहे. ज्या पोकळ्यांत नवा दगड बसायचा, त्यांतल्या पुष्कळ आधीच भरलेल्या आहेत. हेलिशेइदीचा खडक भूशास्त्राच्या मोजमापाने तान्हा आहे. सच्छिद्र आहे, भेगांनी भरलेला आहे. आपला खडक म्हातारा. त्यात काळ्या पाषाणाचे घट्ट थर आहेत, मधून मधून गेरूच्या तांबड्या मातीचे थर आहेत. आपल्याकडे दोन शेजारच्या बोअरपैकी एकाला धो-धो पाणी लागते आणि दुसरा फुफाटा उडवतो, ते याचमुळे.

जाडीही सगळीकडे सारखी नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे खोदलेल्या विवरात बेसाल्ट ३३८ मीटरवर संपला आणि खाली जुना खडक लागला. कोयना परिसरात तो सव्वा किलोमीटरपर्यंत जातो. क्षेत्रफळाला जाडीने गुणून साठवणुकीचे डोळे दिपवणारे आकडे काढता येतात. पण त्यातल्या किती पोकळ्यांत पाणी फिरू शकते, हे जागोजागी खोल विवरे घेतल्याशिवाय कळत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या बेसाल्टचा या दृष्टीने विचार पूर्वीच सुरू केला होता आणि मुंबईच्या आयआयटीतही कार्बन पकडण्याच्या तंत्रावर काम चालते. प्रयोगशाळेतला तुकडा आणि डोंगराखालचा थर यांत मात्र अंतर असते.

हादरे

तिसरी गोष्ट कोयनेची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. धरणाच्या जलाशयातले पाणी आणि खालच्या भेगा यांचा संबंध त्यानंतर जगभर अभ्यासला गेला. खडकातल्या पाण्याचा दाब बदलला की आधीच ताणलेली भेग सरकू शकते, हे आपल्याला कोयनेने शिकवले.

आइसलँडमध्येही हे घडले आहे. हेलिशेइदीजवळच्या हुस्मुली भागात २०११ च्या सप्टेंबरमध्ये केंद्रातले वापरलेले गरम पाणी परत जमिनीत सोडायला सुरुवात झाली. भूकंपाचे असंख्य लहान धक्के सुरू झाले आणि ऑक्टोबरमध्ये चारच्या आसपास तीव्रतेचे धक्के बसले. शेजारच्या ह्वेरागेर्दी गावाच्या लोकांना ते जाणवले आणि त्यांनी तक्रारी केल्या. हे पाणी कार्बन डायऑक्साइडच्या प्रयोगाचे नव्हते, हे स्पष्ट केले पाहिजे. पण जमिनीत पाणी सोडायचे असेल, तर हा प्रश्न टाळता येत नाही. आपल्याकडे कोयना आणि किल्लारी ही दोन नावे ठाऊक असताना तर नाहीच.

लोकांनाही बोलायचे असते

चौथी गोष्ट आकाराची. आइसलँडमध्ये हवेतून थेट कार्बन डायऑक्साइड शोषणारी यंत्रेही एका स्विस कंपनीने उभी केली. २०२१ साली वर्षाला ४,००० टन क्षमतेचे, २०२४ साली ३६,००० टन क्षमतेचे. प्रत्यक्षातली कामगिरी या क्षमतेपेक्षा बरीच कमी राहिली. आणि क्षमता पूर्ण वापरली असती, तरी जग जीवाश्म इंधनांमधून दरवर्षी सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडते. या समोर ते चमचाभर.

मोठ्या प्रमाणावर जायचे म्हणून कार्बफिक्सने राजधानीजवळच्या हाफ्नार्फ्योर्दुर इथे एक प्रकल्प आखला. युरोपच्या कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड जहाजांनी आणून तिथे पुरायचा, पूर्ण क्षमतेला वर्षाला ३० लाख टन. गावकऱ्यांनी विचारले, दुसऱ्यांचा कचरा आमच्या पायाखाली का? आमच्या भूजलाचे काय? धक्के बसले तर? विरोध वाढत गेला आणि कंपनीला तिथला बेत सोडून द्यावा लागला. ज्या देशाने हे तंत्र जन्माला घातले, जिथे शाळकरी पोरेही ज्वालामुखीवर गप्पा मारतात, तिथल्या लोकांनी विचारलेले प्रश्न आणि आमच्या तात्यांचा प्रश्न यांत मला काही फरक दिसत नाही.

मग या संशोधनाचे काय करायचे?

इतके वाचून कोणी म्हणेल, की मग हे सगळे फोलच. तसे अजिबात नाही. वायूचा दगड दोन वर्षांत होतो, हे सिद्ध झाले आहे आणि ते कोणी पुसू शकत नाही. सिमेंट आणि पोलाद यांसारख्या उद्योगांत कोळसा बंद केला तरी थोडा कार्बन डायऑक्साइड उरतोच, सिमेंटमध्ये तर तो चुनखडीतूनच निघतो. त्या उरलेल्यासाठी असे मार्ग लागणार आहेत. पण उरलेल्यासाठी. ‘कातळ धूर गिळेल’ म्हणून धूर सोडत राहायला ही परवानगी नाही. आइसलँडच्या केंद्रात मुळात कोळसा नव्हता, थोडाच वायू होता, शेजारी पाणी विपुल होते, खडक तरुण होता आणि विहिरी आधीच खोदलेल्या होत्या. या पाच गोष्टी एकत्र आल्या म्हणून ते जमले. परदेशातले संशोधन मराठीत सांगताना निष्कर्षाबरोबर या ‘म्हणून’ची यादीही आणली पाहिजे, हे मला अकरा जणांचे पैसे बुडाल्यावर समजले.

परदेशी शोधाची बातमी वाचताना मी आता चार प्रश्न विचारतो. मोजले कसे? किती मोठ्या प्रमाणावर केले? त्यासाठी काय लागले? आणि ते लागणारे आपल्याकडे आहे का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा शोधनिबंधात नसते. ते सिन्नरच्या माळावर, तात्यांच्या बोअरमध्ये असते. तेवढे आपणच काढायचे असते.

त्या गावात मी पुन्हा गेलो. पारावर बसून हा सगळा हिशेब सांगितला, भंडारदऱ्याच्या पाण्यासकट. नोंदणीच्या नावाखाली कोणालाही पैसे देऊ नका, हे सांगितले. ते गृहस्थ पुन्हा आले नव्हते, त्यांचा फोनही बंद होता. अकरा जणांचे पाचशे-पाचशे मी माझ्या खिशातून देऊ केले. तिघांनी घेतले, बाकीच्यांनी नको म्हटले. एका पोराने मात्र सरळ सांगितले, “सर, तुमचं नाव होतं म्हणून दिले होते.” त्याला काय उत्तर देणार?

निघताना तात्या मोटारसायकलपर्यंत सोडायला आले. म्हणाले, “लिहा तुम्ही. आम्हाला कोण सांगतंय हे असलं? पण पाण्याचं आधी सांगत जा.”

दुकानाच्या टेबलावर मी आता दोन तुकडे ठेवले आहेत. एक तात्यांच्या पंपातून खरवडलेला क्षार, दुसरा त्यांच्याच विहिरीच्या मलब्यातली गारगोटी. दोन्ही कॅल्साइटच. कोणी विचारले, की आम्लाचा एक थेंब टाकून फसफस दाखवतो आणि आइसलँडच्या पंपाची गोष्ट सांगतो. सुरुवात पंचवीस टन पाण्यापासून करतो.